जळकोटच्या पेवातली पेटी

पुण्याहून सोडलेला आमच्या प्रयोगशाळेचा फुगा जळकोटच्या करडईत उतरला, असं तिथल्या शाळामास्तरांचं कार्ड आलं आणि माझी झोप उडाली. फुग्याखालच्या पेटीत मसाला लावलेल्या काचा होत्या. आकाशातून अखंड येणारे, डोळ्यांना न दिसणारे कण त्या मसाल्यातून गेले की बारीक रेघ ठेवतात. काच रसायनात धुतली की ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्याआधी उजेड लागला तर सगळं काळं. काचा मीच बांधल्या होत्या. पार्सलानं मागवल्या तर निजाम सरकारच्या नाक्यावर उघडणार, म्हणून मी स्वतः निघाले. मला घरीच बीजगणित शिकवणारे अण्णा, माझे वडील, सोबत आले.

सोलापूरपर्यंत आगगाडी. जाणार असाल तर तिथंच इंग्रजी कलदार रुपये देऊन निजामाचे हाली पैसे घ्या, पुढं अडायला होतं. मोटार कोळशाच्या गॅसवरची. चढ आला की उतरायचं आणि मागनं चालायचं. चालताना दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्यापर्यंत. पेटीची काळजी मी अर्धा मैलभर विसरले, मग विसरल्याबद्दल स्वतःवर रागावले.

जळकोटला शेताच्या मालकीण बसम्मांनी आधी हुरडा पुढं केला.

"पेटी कुठं आहे?" मी विचारलं.

"पेवात. पेटीवरच्या तुमच्या चिठ्ठीत हाय न्हवं, उजेड दावू नका म्हून? मास्तरनं वाचलं. जमिनीखाली ज्वारी ऱ्हाती तितं, लई अंधार."

"उघडली नाही ना?"

"सुनंनं हात लावला तर म्या बोटावर मारलं. खा आता."

शेंगांच्या चटणीबरोबर मी किती हुरडा खाल्ला ते अण्णांना विचारू नका. निघताना बसम्मांनी घोंगडी अंगावर टाकली. "कुडकुडतीया पोरगी. फिरून येशील तवा आन."

परतताना निजामाच्या नाक्यावर जकात घेणाऱ्या मुन्शीजींनी पेटीवर बोट ठेवलं. "खोलो."

"चष्म्याच्या काचा हायत म्हना," ड्रायव्हर कुजबुजला.

"एखादी डोळ्याला लावून बघतील," मी म्हटलं आणि मुन्शीजींना खरं ते सांगितलं.

"आसमान का माल? उसका महसूल कित्ता?"

"बघा, पण अंधारात," मी म्हटलं. "कडेला धरा, मध्ये बोट नको."

मागच्या खोलीचं दार लावलं. घोंगडीची चौघडी करून पेटीवर घातली. आत त्यांचे हात, माझे हात. काळा कागद मी अंदाजानंच सोडला.

"काच है," ते आतल्या आत चाचपत म्हणाले. "दूसरी बी काच. जाव बेटी."

पुण्यात काचा धुतल्या. उजेड कुठंही शिरला नव्हता. दुसऱ्या काचेच्या कोपऱ्यात मात्र मुन्शीजींचा अंगठा उमटलाय, आणि त्याला लागूनच एका ठिपक्यातून, म्हणजे आकाशातल्या कणानं अणू फोडला तिथून, पाच रेघा फुटल्यात. एवढं सुंदर काही मी आजवर पाहिलं नव्हतं. वहीत लिहिलं: "ठसा नाक्यावरचा, माझ्या परवानगीनं."

अण्णा म्हणतात, घोंगडी पोस्टानं पाठव. पण ती उसनी आहे, हातीच परत करायला हवी. हुरडा अजून पंधरा दिवस असेल.