शेवटच्या कडव्यातले नाव

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडचा कापूस चढ्या भावाने जात होता, त्या वर्षांतल्या एका फाल्गुनात दर्यापूरजवळच्या एका शाहिराने कवनातले आपले नाव एका बैलजोडीच्या बदल्यात दुसऱ्याला दिले. व्यवहार माझ्यासमोर झाला. मी तेव्हा अमरावतीच्या एका अडत्याकडे नोकरीला होतो. कापूस पाहायला त्या गावी गेलो की नाव घेणाऱ्या कास्तकाराच्याच ओसरीवर उतरत असे.

कवन करणाऱ्याला आमच्याकडे ज्याचा त्याचा शब्द होता. माझे वडील भिक्षुकी करत. त्यांच्या लेखी श्लोक रचणारा तेवढा कवी. कीर्तनासाठी पदे करणारा पदकर्ता. आमच्या शेजारचा रंगारी शायर म्हणे. गावात डफावर गाणाऱ्या कोणालाही शाहीर म्हणत, मग कवन त्याचे असो वा नसो. खरा रचणारा शेवटच्या कडव्यात कळे, कारण तो तिथे आपले नाव गुंफीत असे.

शाहीर स्वतःही शेतकरीच होता. त्याची जोडी हिवाळ्यात रोगाने गेली होती. मृगाआधी बैल मिळाले नाहीत तर रान पडीक राहणार होते. कास्तकाराने त्या तेजीत गाडीच्या धुऱ्याला चांदी मढवली होती आणि गावाला दोनदा जेवण घातले होते. त्याला गाण्याचे वेड होते. शाहिराची सगळी कवने त्याला पाठ होती. जोडीच्या बदल्यात कापसाच्या बोंडावरचे कवन त्याने आपल्या नावाने मागितले.

"चांदी चोर नेईन," तो म्हणाला. "कवनातलं नाव कोन नेईन?"

"आजवर कोनी नेलं नोतं, पाटील," शाहीर म्हणाला. "आता बैलं नेऊन राहिले."

दोघेही हसले. संध्याकाळी पांढरी जोडी शाहिराच्या दारात बांधलेली होती. त्या रात्री काय झाले ते मला ठाऊक नाही. सकाळी त्याने मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना नवे शेवटचे कडवे शिकवले तेव्हा मी ऐकत होतो. कास्तकाराचे नाव चालीत बरोबर बसले होते. त्यासाठी त्याने पूर्ण ओळ नव्याने बांधली होती. देऊन टाकलेल्या कवनावर कोणी इतकी मेहनत घेताना मी पाहिले नव्हते.

चैत्रात अंजनगाव सुर्जीच्या बाजारात, लिंबाखाली, भरदुपारी दोन फडांचा सामना लागला. समोरचा शाहीर वयस्कर, नजरेचा पक्का होता. आमच्याकडच्यांनी बोंडाचे कवन गायले. शेवटी नाव आले, तेव्हा गर्दीत चांदीच्या धुऱ्याच्या गाडीवर बसलेला कास्तकार ताठ झाला. म्हाताऱ्याने ते पाहिले.

त्या बाजाराचा रिवाज असा होता की ज्याचे नाव कवनात, त्यालाच सवाल करायचा आणि त्यानेच त्याच चालीत जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर फडाचा डफ पालथा घालत, आणि ते कवन त्या बाजारात पुन्हा म्हणता येत नसे. शाहीर आजवर स्वतःच्याच नावाने गात आला होता. व्यवहार करताना हा रिवाज दोघांच्याही ध्यानात आला नव्हता.

म्हाताऱ्याने कास्तकाराकडे पाहून सवाल टाकला. बोंड फुटते तेव्हा आधी काय मोकळे होते, कापूस की कवच, असा काहीसा तो होता. शाहिराला जबाब येत होता हे त्याच्या डफावरच्या बोटांवरून दिसत होते. पण त्याला तोंड उघडायची मुभा नव्हती.

कास्तकार गाडीवरून उतरला. त्याने डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला.

"शाहीर हा हाये," तो म्हणाला. "मी कास्तकार."

"मंग नाव कोनाचं ऐकलं आमी?" म्हाताऱ्याने विचारले.

"माहंच. बैलं देऊन घेतलं."

लोक खूप हसले. म्हातारा हसला नाही. खऱ्या नावाने कडवे म्हणा, मग सवाल खऱ्या माणसाला करतो, असे त्याने सांगितले. शाहीर उठेना. दिलेले नाव मी परत घेणार नाही, एवढेच तो म्हणाला. तेव्हा कास्तकारानेच जुने शेवटचे कडवे शाहिराच्या नावासकट म्हटले. आवाज बेसूर होता. शब्द एकही चुकला नाही. त्यानंतर शाहीर उठला आणि त्याने जबाब दिला. म्हाताऱ्याने पुढे येऊन त्याच्या डफाला हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी शाहीर जोडी घेऊन कास्तकाराच्या गोठ्यापाशी आला. मी ओसरीवरच होतो. कास्तकाराने दावे हातात घेतले नाही.

"राहू द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला. "सव्वा महिना का होईना, मी शाहीर होतो ना."

शाहिराने काय उत्तर दिले ते ऐकू आले नाही. मृगाच्या पेरणीत मी त्या वाटेने गेलो, तेव्हा पांढरी जोडी शाहिराच्या शेतात चालू होती.