बारशाला आत्याने पुकारलेलं नाव

माझ्या धाकट्या भावाचं बारसं सोपाऱ्याच्या घरी झालं तेव्हा देश नुकता कुठे स्वतंत्र झाला होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाळाला पणजोबांचं नाव ठेवायचं, हे मोठ्या काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आत्या गप्प होती. ती नुकतीच मास्तरीण झाली होती. ती गप्प बसली की मला आतून गुदगुल्या व्हायच्या, कारण मग हमखास काहीतरी घडायचं.

पाळण्यावर वाकून तिने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अशोक!"

बायकांनी गायला घेतलेला पाळणा अर्ध्यावरच थांबला.

"हे कोणाचं नाव?" काका ओटीवरून आत आले. "आपल्या सात पिढ्यांत कोणी नाही या नावाचं."

"त्याच्याही आधीचं आहे, दादा. आणि आपल्याच गावचं. चला, दाखवते!"

आणि निघालो की आम्ही! आई आणि बाळ तेवढी घरी राहिली. बाकी अख्खं बारसं, नटलेल्या बायका, मुठीत घुगऱ्या घेतलेली आम्ही पोरं, केळीच्या वाडीतून बुरूड राजाच्या कोटाकडे. झाडीत बुडालेलं विटांचं टेकाड ते. कुणा बुरूड राजाने बांधलं, एवढंच आम्ही ऐकत आलो होतो.

"हा कोट नाही, स्तूप आहे," आत्या म्हणाली. "अशोक राजाचे हुकूम कोरलेला दगड आपल्या सोपाऱ्यात सापडला. झेंड्यावरचं चक्रसुद्धा त्याच्याच खांबावरचं."

तो झेंडा मी प्रभातफेरीत हातात धरला होता!

काका बराच वेळ विटांवरून हात फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, "अरे, मग पेढे कुठे आहेत?"

नाव वाऱ्यासारखं पसरलं. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी कोळीण टोपली उतरवून सगळं ऐकत बसली. "माझे नातवाला बी हाच ठेवनार," म्हणाली आणि ठेवलंच तिने. वडिलांच्या सांडोर गावातल्या ख्रिस्ती मित्राने बाप्तिस्म्याला मुलाला संताचं नाव दिलं, पण घरात हाक मारायला आमचंच घेतलं. अशी बातमी आली की आत्या टाळ्या वाजवायची.

पुढे भाऊ तिच्याच वर्गात बसू लागला. पहिल्या दिवशी हजेरीला तिने त्याचं नाव घेतलं, तर चार पोरं एकदम ओरडली, "हजर!" त्या दुपारी आत्या शाळेतून जवळजवळ पळतच आली आणि चुलीपाशी बसलेल्या आईला तिने मिठीच मारली.