खतिजाचा चष्मा

"नाव बदललंस म्हणे! नाव कुबरा केलंस, पण मजला तिसराच ठेवलास. नवऱ्याचं मासळीचं दुकानही बरक्याच्या किनाऱ्यावरच ठेवलंस!" रुपेशने दिवाळी अंक प्रमिलापुढे आपटला. "मस्कतच्या या अख्ख्या रुवी भागाला कळलं, ही वरची खतिजा म्हणून."

"मग दुकान कुठे न्यायचं होतं? इब्र्याला? तिथे समुद्र कुठला आलाय!" प्रमिला म्हणाली.

"अगं, गोष्ट आहे ना ती? बातमी थोडीच आहे!"

"आई," मैत्री मध्येच म्हणाली, "लिफ्टमध्ये रमण अंकल खतिजा आंटीला विचारत होते, चष्मा मिळाला का. सगळे हसले."

प्रमिलाने अंक उचलून बाजूला ठेवला.

अमरावतीच्या एका दैनिकात तिने नऊ वर्षं बातमीदारी केली होती. गाव, वार, वय यांतलं एक जरी चुकलं, तरी संपादक सगळ्यांसमोर सोलून काढायचे. २०११ साली ती रुपेशच्या नोकरीमागे मस्कतला आली. इथे तिच्याजोगं वर्तमानपत्र नव्हतं. मग शनिवारी सकाळी हॉलमध्ये इमारतीतल्या मुलांना मराठी शिकवायची आणि दुपारी गोष्टी लिहायच्या, असं तिने सुरू केलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आलेली ही तिची पहिलीच गोष्ट. त्यातली बाई गावाहून आलेली लग्नपत्रिका, मोबाइलवरचा मेसेज, काहीही वाचून घ्यायला खाली येते. दर वेळी पर्स चाचपते आणि म्हणते, चष्मा घरी राहिला. तिच्याकडे चष्मा नसतोच; तिला वाचताच येत नसतं.

चार वर्षं प्रमिलाने खतिजाचं हे पाहिलं होतं आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. लिहिताना मात्र हात जुन्या सवयीने चालला.

आज सकाळी खतिजाकडून चिवड्याचा डबा परत आला तो रिकामा. स्वच्छ घासलेला, पण रिकामा. एरवी त्यात काही नाही तरी मूठभर खजूर असायचेच. तो डबा पाहूनच रुपेशचा पारा चढला होता.

प्रमिलाने त्यात रव्याचे लाडू भरले आणि ती वर गेली.

"इक्बालनी दुकानातून आल्यावर वाचून दाखवली," खतिजा मान वर न करता सुरमई धूत म्हणाली. "सगलं खरं लिवलंस. पर्स चाचपते तेपन. पन मला इचारलंस?"

"नाही. चुकलं माझं."

"चुकलंच. लिफ्टमदी हसतात मला."

डबा ओट्यावर ठेवून प्रमिला दाराकडे वळली.

"थांब. म्होरची गोष्ट आदी मला देयाची. वाचून दाखवायची नाय, मीच वाचनार. किती दिस लागतील?"

"शनिवारी माझ्या वर्गात नेमाने बसलीस तर रमजानपर्यंत वाचशील."

"त्या पोरांत बसू?"

"बस की."

"हसली तर एकेकाचा कान पिलीन." खतिजाने लाडू ताटात काढले आणि डब्यात सुरमईचे चार तुकडे घातले.

घरी रुपेश आणि मैत्री तिचीच वाट पाहत होते. प्रमिलाने डबा ओट्यावर ठेवला.

"शनिवारपासून खतिजा माझ्या वर्गात बसणार आहे," ती म्हणाली. "आणि पुढची गोष्ट तिने स्वतः वाचल्याशिवाय मी कुठेही छापायला देणार नाही."