तीन नंबरच्या मशीनची झाडलोट

रामदासबापूंनी गाव सोडून तीस वर्षं उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवला. इंग्रजीचं एक अक्षर ओळखत नव्हते, तरी नव्याण्णव साली एका सायबर कॅफेवाल्याने त्यांना देखरेखीला बसवलं.

पाळी संपली की रुई झाडूनच उठायचं, ही त्यांची जुनी खोड. इथेही गिऱ्हाईक उठलं की ते कुकीज पुसायचे. आपण इंटरनेटवर कुठे फिरलो त्याच्या या खुणा. त्यांच्यावरून जाहिराती माणसाची पाठ सोडत नाहीत, आणि आपली मेल पुढच्याला उघडी सापडते. एका बाईचं पत्र असंच कुणीतरी हसत हसत मोठ्याने वाचलं होतं. तेव्हापासून बापू हट्टालाच पेटले. वाचता येत नव्हतं, म्हणून जागा पाठ केली: वरून चौथं चित्र उघडायचं, सगळं निवडायचं, डिलीट.

त्या दुपारी मी दोन नंबरवर होते. तीन नंबरवरून शेजारच्या लिंबायत वस्तीतली हर्षदा उठली. घरच्यांनी तिचं लग्न परस्पर ठरवलं होतं, आणि तिला पुण्याहून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मेलमध्ये ते मला दाखवून, मेलमधून बाहेर न पडताच ती गेली. बापू झाडायला बसले, तोच तिचा भाऊ योगेंद्र आत शिरला.

"हर्षदा कोनता मशीनवर बठेल होती?"

कुणी चुगली केली देव जाणे! बापूंचा हात माउसवरच थांबला. मालकाने सकाळीच पडद्यावरची चित्रं इकडची तिकडे केली होती. चौथ्या जागी भलतंच काही होतं. मी मधे पडले असते तर त्याला संशय आला असता, आणि गप्प बसले तर पोरीचं वाटोळं.

"हाईच शे," बापू शांतपणे म्हणाले. "पहिले कचरा काढू दे. मना चष्मा घर राही गया. कुकीज कोठे लिखेल शे, दखाड बरं."

चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"हाई काय!" योगेंद्रने पडद्यावर बोट टेकवलं. बापूंनी उघडलं, निवडलं.

"पुसू ना?"

"पुसा ना लवकर!"

बापूंनी बटण दाबलं.

योगेंद्र घाईने बसला. मेलच्या पानावर दोन रिकामे चौकोन आले. त्याने की-बोर्डवर हात आपटला. "हाई पासवर्ड मांगस!"

बापूंनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"तिना शे ना? मंग तिलेच इचार."

त्या घरात तेवढंच कुणी केलं नव्हतं.