आईनं पुसलेली काच

"ओ ताई, हे कसं करायचं, जरा सांगता का?"

माझ्या आईनं मला विचारलं. मला. पोटच्या पोरीला. ताई म्हणून, अहोजाहो करून.

आणि मी काय म्हणाले? "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

हे वाक्य माझं नव्हतं. ते मला पाठ करायला दिलं होतं. पण तोंड तर माझंच होतं. त्या तोंडानं मी आजवर आईला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. आमच्यात आईला कुणी तसं म्हणतही नाही.

रोह्यातल्या एका दवाखान्यातली ही गोष्ट. तिथं केसपेपरची खिडकी बंद केली आणि तिच्या जागी एक मशीन उभं केलं. माणसाएवढं उंच, पुढं काच. काचेवर चित्रं. दात, कान, डोळा, पोट, बाळ. पाहिजे त्या चित्रावर बोट ठेवायचं, खालून नंबरची चिठ्ठी निघते, ती घेऊन त्या डॉक्टरच्या बाकावर जाऊन बसायचं. ऐकायला किती सोपं. पण चित्रं यायच्या आधी ते भाषा विचारायचं. मग मोबाईल नंबर विचारायचं. मोबाईल नसेल तर ‘वगळा’ दाबा म्हणायचं. ‘वगळा’ असं आमच्याकडं कोण बोलतं? आणि विचार करत जरा थांबलात की सगळं पुसून परत पहिल्यापासून सुरू.

लोक हे मशीन कसं वापरतात, कुठं अडतात, याचा अभ्यास करायला शहरातून एक कंपनी आली होती. त्यांना इथली एक मुलगी हवी होती. मी बीए झालेली, घरी बसलेली. पेणहून सकाळच्या गाडीनं रोह्याला जायचं, संध्याकाळी परत. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मला काय आनंद झाला होता. आईनं तर आख्ख्या आळीला सांगितलं, पोरगी मोठ्या मशीनवर लागली म्हणून.

काम काय, तर बघायचं. माणूस आला की कुठलं बटण दाबतो, किती वेळ थांबतो, कुठं चुकतो, ते टॅबवर टिपायचं. कंपनीची मॅडम माझ्याच वयाची होती. स्वभावानं वाईट नव्हती, डब्यातलं मला द्यायची. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याचा हात धरून मी योग्य चित्रावर नेला, तर ती धावत आली. "नाही नाही, तू काही सांगायचं नाहीस गं. तू मदत केलीस की आपला डेटा खराब होतो. त्यांना चुकू दे." माझे दोन्ही हात धरून तिनं माझ्या पाठीमागं नेऊन ठेवले, बालवाडीतल्या पोराचे ठेवतात तसे. समोर रांग उभी होती. सगळे बघत होते. मी हसले. नोकरी नवी असली की माणूस कशालाही हसतो.

मग मी तशीच उभी राहायला लागले. खांब गावचा एक शेतकरी, पोटात दुखतं म्हणून वाकलेला, चार वेळा पहिल्यापासून करत होता. मी टिपलं, चार वेळा. एक गरोदर बाई दाताच्या बाकावर जाऊन बसली. तेही टिपलं. कुणी रडकुंडीला येऊन माझ्याकडं बघितलं की मी ते पाठ केलेलं वाक्य म्हणायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला हसून म्हणतो. इथं अंगण खरंच वाकडं होतं आणि ते मला रोज दिसत होतं. तरी मी नाचणाऱ्याच्याच चुका लिहून घेत होते. संध्याकाळी गाडीत बसले की स्वतःला समजवायची, पुढं मशीन सुधारेल, सगळ्यांचं भलं होईल. तोवर ज्याचं व्हायचं ते होऊ दे.

त्या गुरुवारी आई आली.

मला सांगून आली नाही. डोळ्यांचे डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे. त्या दिवशी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नावं घेणार होते, निवडलेल्यांना गाडीनं मोठ्या दवाखान्यात फुकट नेणार होते. शेजारणीनं आईला हे सांगितलं. पुढची नावं थेट पावसाळ्यानंतर घेणार, हेही सांगितलं. आईच्या डाव्या डोळ्यात पांढरं आलेलं, उजवाही धूसर. सगळं आयुष्य मिठागरात गेलं. उन्हात मिठाचे ढीग असे पेटल्यासारखे चमकतात की आपल्याला दहा मिनिटं बघवत नाही. ती तिथं चाळीस उन्हाळे राबली.

ती दारातून आत आली तेव्हा मला बघून तिचा चेहरा फुलला. मी मान नुसती हलवली. म्हणजे थांब, नको, नंतर. माझ्या शेजारी मॅडम, मॅडमच्या शेजारी कंपनीचा, सगळ्याची फिल्म घेणारा कॅमेरावाला. आईनं माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं बघितलं. आणि तिचा चेहरा एकदम परक्या बाईसारखा झाला. ती रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर मशीनपुढं गेली आणि मला ताई म्हणाली.

माझं वाक्य ऐकून ती मुकाट्यानं काचेकडं वळली. मागच्या एका पोरानं जाता जाता ‘वगळा’ दाबून दिलं. चित्रं आली. आईनं काचेला नाक लावून डोळ्याचं चित्र शोधलं. बरोबर शोधलं. त्यावर बोट ठेवलं. काही झालं नाही. परत ठेवलं. काही नाही. मिठाच्या पाण्यानं तिच्या बोटांची टोकं सुकून, तडकून खडीसारखी झालेली. काचेला ती बोटं कळेनात. मला कळत होतं. टोक नको, बोटाची बाजू लाव आई, एवढं एकच वाक्य माझ्या घशात होतं. मी हात मागं धरून उभी होते.

मग तिनं पदर घेतला आणि काच पुसायला लागली. सावकाश, नीट, कडेपासून. पुसता पुसता तिचा तळवा बाळाच्या चित्रावर टेकला. टिक असा आवाज झाला. खालून चिठ्ठी आली.

आईला वाटलं, झालं. चिठ्ठी घेऊन ती जाम खूश. शिपायानं चिठ्ठी बघून बोट दाखवलं, "त्या बाकावर बसा आजी." तो बालरोगाचा बाक. तिथं पोरं घेऊन चार आज्या बसलेल्याच होत्या. त्यांच्यात एक आजी जास्त, कुणाला शंका येणार?

मी मॅडमला म्हटलं, "मॅडम, त्या चुकीच्या बाकावर बसल्यात. त्यांना डोळे दाखवायचेत."

मॅडम म्हणाली, "हो ना! किती छान केस आहे. कधी लक्षात येतं ते बघूया. तू त्यांच्यावर लक्ष ठेव."

मी लक्ष ठेवलं. साडेनऊपासून. आई शेजारच्या बाळाशी बोलत होती, त्याला पदराच्या टोकाशी खेळवत होती. दहा वाजले. साडेदहा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारापुढची रांग पुढं सरकत होती. अकराला तिथला माणूस ओरडला, "ऑपरेशनची नावं बंद." आईनं ते ऐकलंही, पण आपल्याला नंबर मिळालाय म्हणून ती निवांत. मधे पंधरा पावलांचं अंतर होतं. पंधरा पावलं मला चालवेनात. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. मला कायम करणार होते, सहा महिन्यांनी, एवढंच. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. ज्या मिठानं मला शिकवलं ते समोर बाकावर बसलं होतं आणि मी टॅबवर वेळ टिपत होते.

बाराच्या पुढं तिचा नंबर आला. दार उघडंच होतं. डॉक्टरनं विचारलं, "आजी, बाळ कुठंय?"

"बाळ नाय वो. मना डोळं दाखवायचंन."

बाकावरचे हसले. कॅमेरावाल्यानं तेही घेतलं.

संध्याकाळी गाडीत आम्ही शेजारी बसलो. नागोठणं गेलं. मग ती म्हणाली,

"ती बाई तुज्याकडं टक लावून बघत व्हती. म्हटलं पोरीची नोकरी जायला नको."

"म्हणून ताई म्हणालीस?"

"मग काय म्हणू गो? मी काय आंधळी हाय? मना दिसत व्हतं सगलं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मला तेव्हा खिडकीतून उडी मारावीशी वाटली, खरं सांगते. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं पेणला, रामवाडीजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात कंपनीची मोठी बैठक झाली. साहेब लोक आले, चहा-बिस्किटं झाली, मग पडद्यावर फिल्म लावली. खांबचा शेतकरी आला, गरोदर बाई आली, आणि मग आई. तिच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘वापरकर्ती क्रमांक सतरा. निरक्षर. यंत्राची भीती.’ आई काच पुसत होती. हॉलमध्ये खसखस पिकली. "बाळ कुठंय?" आलं तेव्हा तर एक साहेब डोळे पुसेपर्यंत हसले.

मॅडम माझ्याकडं वळली. "ही बाई काच का पुसते? आम्हाला वाटलं, पूजा वगैरे समजतेय की काय. तू इथली आहेस. तू सांग."

मी उभी राहिले. 

"मिठाचा हात लोखंडाला लागला की गंज चढतो," मी म्हटलं. "म्हणून मिठागरातल्या बायका दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला की ती पदरानं पुसतात. आपल्या हातानं कुणाची वस्तू खराब होऊ नये म्हणून. ती घाबरली नव्हती. तुमचं मशीन जपत होती. आणि निरक्षर लिहिलंय, पण डोळ्याचं चित्र तिनं पहिल्या झटक्यात ओळखलं होतं. धड दिसत नसताना. तुमच्या काचेला तिचं बोट ओळखता आलं नाही." मग जे मी बोलणार नव्हते तेही बोलले. "ती माझी आई आहे."

 मला वाटलं, आता यांना काहीतरी वाटेल. लाज वाटेल. एवढी आशा मी अजून धरून होते, हे आठवलं की माझंच मला हसू येतं.

हसणारे साहेब म्हणाले, "फँटास्टिक. हे लिहून घ्या." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मॅडमचे डोळे भरून आले होते, तिनं माझा हात धरला. "आधी का नाही सांगितलंस? किती पॉवरफुल स्टोरी आहे ही! आपण रिपोर्टची सुरुवातच हिच्यापासून करू. फोटोसकट." आणि पर्समधून एक कागद काढला. फिल्म आणि फोटो वापरायला हरकत नाही, असा. "फक्त आईंचा यावर अंगठा आणशील?"

म्हणजे आईनं हो म्हणायच्या आधीच शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांनी तिला बघून घेतलं होतं. हसून घेतलं होतं. आणि आता अंगठा. तोही पोरीच्या हातून.

"नाही आणणार."

"अगं, नुसती फॉर्मॅलिटी आहे."

"नाही."

"मग तो भाग काढावा लागेल. सगळ्यात चांगला भाग आहे तो."

"काढा."

एवढंच. मोठं भाषण मला सुचलं नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून मी चहाच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. हायवेवरून ट्रक धडधडत होते. विजयबिजय काही वाटला नाही.  नोकरी गेली होती आणि आईचे डोळे होते तसेच होते.

ते अजूनही तसेच आहेत. पुढच्या नावांची वाट बघतोय. भाकरी थापताना ती तव्याची कड हातानं चाचपते आणि बोटं पोळून घेते. मी आईची माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. मागितली की ती क्षणात देईल, मला माहीत आहे. मला ती इतक्या स्वस्तात नको आहे.

दर गुरुवारी मी रोह्याला जाते, तिकीट माझं मी काढून. मशीनच्या बाजूला उभी राहते. माणूस आला की पहिल्यांदा विचारते, "काय होतंय तुम्हाला?" हे ते मशीन कधीच विचारत नाही. मग मी दाबते, चिठ्ठी वाचून दाखवते, बाकापर्यंत नेऊन बसवते. आता तिथं दुसरी मुलगी टॅब घेऊन उभी असते. माझ्यामुळं तिचा डेटा खराब होतो. होऊ दे. जितका होईल तितका मी करणार आहे.

मागच्या गुरुवारी वॉचमन आला. म्हणाला, "इथं उभं राहायला परवानगी लागते. वरच्या मजल्यावरच्या दवाखान्याच्या साहेबांनी तुम्हाला बाहेर काढायला सांगितलंय."

मी म्हटलं, "साहेबांना खाली यायला सांगा. तोवर ही रांग संपवते."