सहाव्या खुर्चीची खालची बाजू

तीस वर्षं खुर्च्यांना गाद्या आणि कापड चढवत आलेला हा माणूस. कुणापुढे कधी लाळघोटेपणा केला नव्हता. पण लेकीचं लग्न ठरलं आणि गड्याची जीभ टाळूला चिकटली. होणाऱ्या विहीणबाईंनी जेवणाच्या सहा खुर्च्या नव्या करायला सांगितल्या, तर हा म्हणे, घरचंच काम आहे!

बाईंच्या दर वाक्यात एक 'सॉफिस्टिकेटेड' असायचं. पडदे सॉफिस्टिकेटेड, मुलगा सॉफिस्टिकेटेड, आणि होणाऱ्या सुनेने मोठ्याने हसू नये, कारण ते तसं नाही. लेकीने शब्दकोशातला अर्थ वाचून दाखवला: सुसंस्कृत, रीतभात जाणणारा. बापाला शब्द फार आवडला. असं घर मिळालंय, म्हणून तो शेजारीपाजारी सांगत सुटला.

मग त्याने खुर्च्या उलट्या केल्या. शी! बुडाखाली चघळून चिकटवलेलं च्युइंगम आणि नाकातला वाळलेला ऐवज. सगळ्यात जास्त सहाव्या, हातवाल्या खुर्चीखाली, म्हणजे बाईंच्या स्वतःच्या. आणि ह्या बाई माझ्या पोरीला हसायचं कसं ते शिकवणार! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच खुर्च्या त्याने दातओठ खात खरवडल्या. सहावीला वरून मखमल लावली आणि खालून तशीच ठेवली. कशासाठी, ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं.

खुर्च्या पोचवायला लेक बरोबर आली. नवरामुलगाही घरात होता. त्याच्यासमोरच बाईंनी बापाला बजावलं, की लग्नात तुम्ही काय काम करता ते कुणाला सांगू नका, शक्यतो बोलूच नका, येणारे लोक सॉफिस्टिकेटेड आहेत.

बापाने हातवाली खुर्ची उचलली आणि टेबलावर उलटी ठेवली.

"हे तुमच्या बुडाखालचं," तो म्हणाला. "पुसायला फडकं देऊ?"

जिना उतरताना मात्र तो मधेच थांबला. डोक्यात राख घालून घेतली आणि पोरीच्या संसाराची माती केली, असं त्याला वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं गं माझं."

लेकीने त्याच्या हातातली हातोडीची पिशवी आपल्याकडे घेतली.

"त्या तुम्हाला बोलूच नका म्हणाल्या ना बाबा, तेव्हा मी ह्याच्याकडे बघत होते," ती म्हणाली. "हा मखमलीवरून हात फिरवत होता."