जळालेल्या घराचं दार

बाळांनो, तुमच्या आत्याआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. उरलेले निवडले, डब्यात भरले, झाकण लावलं आणि मग रडले. त्याला आता दीड महिना होईल. तुम्ही सुट्टीला यायचात तेव्हा त्या थकल्या होत्या, कमी बोलायच्या. तुम्हाला त्या तेवढ्याच ठाऊक. म्हणून हे लिहिते आहे.

त्या तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, सुमन. मी त्यांना वन्सं म्हणत असे. सत्तर सालाच्या आसपास उत्रोलीच्या पलीकडे नदीकाठच्या टेकाडात तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली आणि तिथं खोदकाम करायला त्या आमच्याकडे भोरला मुक्कामाला आल्या. वस्तीतली काही घरं जळालेली होती. कुडाला लिंपलेली माती भाजून विटेसारखी लाल झालेली, तिच्यावर कामट्यांचे ठसे अजून उमटलेले. त्यांच्या साहेबांचं मत असं, की साध्या आगीत माती इतकी भाजत नाही. लोकांनी लाकडं रचून ती घरं मुद्दाम जाळली असणार. वन्संना ते पटत नव्हतं. चुलीतली एक ठिणगी, गवताचं छप्पर आणि वारा एवढं पुरतं, असं त्या म्हणत. जेवताना हाच विषय. तुमचे आजोबा चिडवायचे, "सुमे, आमची कोठी पेटवून बघ हवं तर. तुझ्या वहिनीच्या भांड्यांसकट."

खोदकामावर भागूबाई म्हणून एक बाई घमेली वाहायची. जिभेची तिखट. "बाई, माज्या सासूनं फोडल्याली मडकी बी आनून देऊ का? तुमी पुसून जपून ठिवाल," असं म्हणून सगळ्यांना हसवायची. चैत्रात एका दुपारी ती कामावर असतानाच तिचं घर जळालं. माणसं वाचली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी ती वन्संपुढे येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी राखंतनं मन्यायवढं बी काढता. माज्या ठकीचा वाळा काढून द्या. तिचं तेवढंच हाय माज्यापाशी."

ठकी तिची मुलगी. वर्षापूर्वी तापानं गेली होती…

त्या रविवारी मीही सोबत गेले. वन्सं राखेत गुडघे टेकून ब्रशनं एकेक थर बाजूला करत होत्या. टेकाडावर करायच्या अगदी तसंच. भागूबाई शेजारी बसून सांगत होती, "हितं कनगी व्हती. हितं उतरंड. न्हाई, जरा हिकडं… हितं निजायची ती." पडलेल्या भिंतीची माती टेकाडातल्या घरांसारखीच लाल भाजली होती. तिच्याखाली चांदीचा एक गोळा निघाला.

"ह्यो वाळा न्हाई," भागूबाई म्हणाली. मग तिनं तो हातात घेऊन फिरवला. एका बाजूला अर्धं घुंगरू तसंच राहिलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं हंबरडा फोडला.

संध्याकाळी साहेब आले. "सुमन, तुझंच खरं ठरतंय. मातीचे तुकडे कुठूनही आणले म्हणतील लोक, पण चांदी तपासता येते. प्रयोगशाळेत तुकडा कापून बघतील. आग किती तापली होती, ते कळेल."

"तो कापायचा नाही, सर."

"मग छापायचं कशाच्या जोरावर?"

भागूबाई तिथंच होती. तिनं मूठ उघडून पुढे केली. "तुमास्नी लागत आसंल तर घ्या की, बाई. तुमीच काडलाय."

वन्संनी तिची बोटं पुन्हा मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. बराच वेळ.

अहवाल साहेबांच्या मताप्रमाणे छापला गेला. स्वतःचं उत्खनन वन्संना पुढे कधीच मिळालं नाही. संग्रहालयात खापरांवर क्रमांक घालण्यात त्यांची नोकरी संपली. एकदा मी विचारलं, वाईट वाटतं का? मला वाटलं होतं, नाही म्हणतील. "वाटतं हो, वहिनी," त्या म्हणाल्या. "रोज वाटतं."

त्या उन्हाळ्यानंतर मात्र दुसऱ्यांच्या खोदकामावर गेल्या तरी त्यांनी एक गोष्ट कधी मोडली नाही. जुन्या घरांच्या भिंती म्हणजे नुसती खांबांच्या खळग्यांची रांग. कुणीही ओलांडून जावं अशी. वन्सं वळसा घालून दाराच्या जागेशी यायच्या, चपला काढायच्या आणि तिथूनच आत जायच्या. खोदकामावरची पोरं हसायची. हसू द्यायच्या.

मागच्या आठवड्यात मी उत्रोलीला जाऊन आले. टेकाड कधीच सपाट झालंय, तिथं भाताचं शेत आहे. मी बांधावर चपला काढल्या. दार कुठल्या अंगाला होतं, ते काही केल्या आठवेना. वन्संना फोन करून विचारावं, असं क्षणभर खरंच मनात आलं…

"आजी, या की आत. कापनी झालीया," शेतकरी म्हणाला.

मी बांधावरच उभी राहिले.